पोच घेतली का, ताई?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून चौतीस वर्षांच्या शेतकरी बाईंनी लिहिलं आहे. त्या महिला बचत गटाच्या सचिव आहेत. गावातून शिवाराकडे जाणारी पांदण पावसाळ्यात इतकी चिखलाची होते की बैलबंडी निघत नाही, वेचलेला कापूस डोक्यावर आणावा लागतो आणि पांदणीच्या टोकाला असलेल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, मुलं चार महिने धड शाळेत पोचत नाहीत. त्यात यंदा मे महिन्यात एका शेतकऱ्यानं अर्ध्या पांदणीवर तारेचं कुंपण घातलं. गेल्या दोन वर्षांत बाईंनी बायका जमवून तीन निवेदनं दिली: एक मंत्र्यांच्या दौऱ्यात, एक आमदारांना कार्यक्रमात, एक तहसील कचेरीत साहेबांच्या हातात. उत्तर एकाचंही नाही. पेपरात फोटो मात्र दोनदा आला. गावातली पोरं आता म्हणतात, अर्जविनंत्या पुरे झाल्या, रास्ता रोको करू, मतदानावर बहिष्कार टाकू. एकानं तर आत्मदहनाचा इशारा द्यायचं मनात घेतलं आहे. सासरे म्हणतात, ‘सरकारशी वैर घेऊ नये. कागदावर नाव पुढं आलं का आपल्यालेच भोवते.’ बाई विचारतात, ‘आमच्यासारख्या साध्या माणसांनी अर्ज करून खरंच काही होतं का? की ओळखीशिवाय सगळा कागद वाया? आणि पहिली सही माझी असली तर घरच्यांना त्रास होईल का? अर्ज करताना भीक मागितल्यासारखं वाटतं, त्याचं काय करू?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा एका शब्दासाठी. तीन निवेदनांची सगळी हकिकत तुम्ही लिहिलीत. कोण कोण आलं होतं, ऑटोचं भाडं किती पडलं, साहेब काय बोलले, फोटो कोणत्या पानावर आला, सगळं. पण ‘पोच’ हा शब्द मला कुठंच सापडला नाही. आवक क्रमांक नाही, शिक्का नाही, तारीख नाही. म्हणून उत्तर देण्याआधी माझाच एक प्रश्न: पोच घेतली होती का?

माझे वडील अर्जनवीस होते. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली सतरंजी आणि टाइपरायटर घेऊन ते तीस वर्षं बसले. शाळा सुटली की मी तिथंच जाऊन बसायची. येणारा जवळपास प्रत्येक माणूस म्हणायचा, ‘मायबाप सरकार असं लिवा पयले.’ वडील ते लिहीत नसत. ‘माय-बाप घरी. हे हापीस हाये,’ म्हणायचे आणि ‘मा. तहसीलदार’ लिहून खाली ‘विषय’ टाइप करायचे. पैसे त्या वेळी घेत नसत. ‘आत जा, आवकच्या खिडकीवर दे, दुसऱ्या कागदावर शिक्का मारून आण, मग दे पैसे.’ शिक्का न घेता परतलेल्या माणसाला ते पुन्हा आत पाठवत, बाहेर एसटी लागलेली असली तरी.

तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. नंतर कळलं की कचेरीत कागद जिवंत होतो तो आवक नोंदवहीत चढल्यावरच. त्यावर क्रमांक पडला की तो कुणाच्या तरी टेबलावर असावाच लागतो, आणि कुठल्या टेबलावर आहे हे विचारता येतं. मंत्र्यांच्या हातात तुम्ही दिलेला कागद बहुतेक हारतुऱ्यांबरोबर गाडीत गेला असेल. त्यात कुणाचा दुष्टपणा असेलच असं नाही. त्या कागदाला घर नव्हतं, एवढंच. त्यामुळे ‘तीन अर्ज करून काही झालं नाही’ हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य करता येत नाही. तीनदा तुम्ही गाऱ्हाणं घातलंत, मनापासून घातलंत. पण कायद्याच्या नजरेनं बघितलं तर तुमचा पहिला अर्ज अजून व्हायचाच आहे. हे वाचून वाईट वाटेल, पण मला यातच आशा दिसते.

दुसरी एक समजूत तुमच्याच नाही, आपल्या सगळ्यांच्याच मनात असते. माणूस जितका मोठा तितकं काम लवकर. मंत्रालयात दिलेला कागद प्रवास कसा करतो ते बघा. तिथून तो जिल्हाधिकारी कार्यालयात येतो, तिथून तहसिलीत, तिथून मंडळ अधिकाऱ्याकडे आणि शेवटी तलाठ्याकडे. प्रत्येक मुक्कामी त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असं एक वाक्य चढतं. सहा महिन्यांनी तो तुमच्याच गावच्या तलाठ्याच्या टेबलावर येऊन पडतो. म्हणजे तुमच्या घरापासून चार घरं पलीकडे जायला तो मुंबईला जाऊन आला. ज्या टेबलाला निर्णयाचा अधिकार आहे तिथंच पहिला कागद द्यावा. मोठ्यांना प्रत पाठवावी, जरूर पाठवावी, पण प्रत.

आणि तुमच्या निवेदनाचा जो फोटो तुम्ही पाठवलात त्यात सहा मागण्या आहेत: पांदण, कुंपण, जळालेली डीपी, शाळेची एसटी, देशी दारूचं दुकान, पोडावरचा हातपंप. सगळ्या खऱ्या, सगळ्या महत्त्वाच्या. पण या सहा मागण्या निदान पाच खात्यांच्या आहेत. असा कागद हातात आला की प्रत्येक खातं आपल्याला सोडून बाकीच्यांकडे बोट दाखवतं. एक विषय, एक कागद, एक अधिकारी, इतकं पाळलंत तरी निम्मं काम झालं.

आता पांदणीचं बघू, कारण तिच्यातही दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. चिखल हा रस्ता बांधण्याचा प्रश्न आहे. कुंपण हा वाट अडवण्याचा प्रश्न आहे. दोघांची दारं वेगळी.

कुंपणाचं आधी घ्या, कारण तिथं घड्याळ चालू आहे. अस्तित्वात असलेली वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमच्याकडे कुंपण मे महिन्यात पडलं, तुमचं पत्र पोळ्यानंतरचं आहे. म्हणजे हातात फार दिवस नाहीत. (बांधावरून नवी वाट मागायची असेल तर तो वेगळा रस्ता आहे, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३. अनेक जण या दोन कलमांची गल्लत करतात आणि अर्ज तिथंच अडकतो.) मुदत उलटली म्हणून पांदण काही त्या शेतकऱ्याची होत नाही. गाव नकाशावर असलेल्या रस्त्यावरचं अतिक्रमण काढा असा अर्ज तरीही करता येतो. पण मुदतीत केलेला अर्ज भक्कम.

त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढा. नकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते. ती प्रत हातात आली की भांडण ‘आमचे आजोबा इथून जायचे’ यावर राहत नाही. तुमचे आणि लगतच्या शेतांचे सातबारे जोडा, कुंपणाचे फोटो जोडा, आणि मजकूर असा साधा ठेवा: ‘मौजे अमुक येथील अमुक गटांमधून जाणारी पांदण गाव नकाशावर आहे. मे महिन्याच्या अमुक तारखेस तिच्यावर अमुक व्यक्तीने अंदाजे इतके फूट तारेचे कुंपण घातले. त्यामुळे इतक्या शेतकऱ्यांची वहिवाट बंद झाली. स्थळ पाहणी करून अडथळा दूर करण्याचा आदेश व्हावा, ही विनंती.’ बस. गरिबी, लेकरंबाळं, वर्षानुवर्षांचे हाल यांतलं काही लिहायची गरज नाही. ते खरं आहे, पण साहेबांना पंचनामा करायला लागते ती तारीख, गट नंबर आणि फूट.

मनात आणखी एक गोष्ट येते. कुंपण घालणारा माणूस तुमच्याच गावचा आहे. त्याला उद्या तुमच्याच चक्कीवर दळण आणायचं आहे. तंटामुक्ती समितीत एकदा बसून बघा. रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) पीक खाल्लं म्हणून त्यानं कुंपण पुढं ओढलं असेल, तर तोही एक अर्जाचाच विषय आहे, वन विभागाकडच्या नुकसानभरपाईचा, आणि तो अर्ज लिहायला तुम्ही त्याला मदत करू शकता. पण बोलणी चालू आहेत म्हणून सहा महिन्यांची मुदत हातची घालवू नका. अर्ज करून बोला. तोडगा निघाला तर अर्ज मागे घेता येतो.

चिखलाचं दार म्हणजे ग्रामपंचायत. शेतरस्त्यांसाठी रोजगार हमीच्या निधीची जोड असलेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ साली आली. अशा योजनांमध्ये गावाचा रस्ता यादीत जायला ग्रामपंचायतीकडून मागणी जावी लागते. तुम्ही तीन ठिकाणी गेलात, पण ग्रामसभेत हा विषय लेखी मांडला का? पत्रात तसं कुठं नाही. ग्रामसभा म्हणजे सरपंचाची सभा अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. ती मतदारांची सभा आहे. वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुमचा बचत गट आहे, दहा-बारा बायका तुमच्या शब्दावर घराबाहेर पडतात. महिला सभेत ठराव घ्या, तो ग्रामसभेत वाचायला लावा, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या आणि ग्रामसेवकाकडून ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागा. कोरमअभावी सभा तहकूब झाली तर निराश होऊ नका. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट राहत नाही. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी गावांत बायका पहिल्या सभेहून परत जातात आणि दुसऱ्या सभेला चार माणसं बसून ठराव करून घेतात.

पोडावरच्या लोकांना यात ओढून आणू नका, सोबत घ्या. चार महिने शाळा बुडते ती त्यांच्या लेकरांची. पोड अनुसूचित क्षेत्रात येत असेल तर पेसा कायद्याच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, महाराष्ट्र नियमांप्रमाणे, म्हणजे २०१४ च्या नियमांप्रमाणे, वस्तीला स्वतःची ग्रामसभाही करता येते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत हीच ताकद दाखवली. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला तो ग्रामसभेच्या कागदांवर, अनेक वर्षांच्या बैठकांवर.

आता तुमच्या भीतीबद्दल. सासऱ्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पुढं नाव आलेल्या माणसाच्या अनुदानाच्या फाइलीत अचानक त्रुटी निघते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अर्ज करायची भीती खूप जुनी आहे. १६८८ साली इंग्लंडच्या राजाचा एक हुकूम चुकीचा आहे, असा विनंती अर्ज सात धर्मगुरूंनी राजाला दिला. राजानं त्यांना तुरुंगात घातलं. ज्यूरीनं त्यांना निर्दोष सोडलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या हक्कांच्या सनदेत लिहिलं गेलं की राजाकडे अर्ज करणं हा प्रजेचा हक्क आहे आणि त्यासाठी कुणाला पकडणं बेकायदा. म्हणजे अर्जाचा हक्क जन्माला आला तोच अर्जदारांना झालेल्या त्रासातून. आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद ३५० आहे. कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथं वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, निवेदन देण्याचा हक्क आहे. ‘कोणत्याही व्यक्तीला’ हे शब्द नीट वाचा. शिकलेल्या, ओळख असलेल्या, मतदार यादीत नाव असलेल्या असं तिथं काही म्हटलेलं नाही. आणि तुमच्या साध्या मराठीत लिहिलेला कागद इंग्रजीत टाइप केलेल्या कागदाइतकाच वजनदार आहे.

भीतीवरचा उपाय मात्र शौर्यात नाही, मोजणीत आहे. पांदणीच्या बांधकामाचा अर्ज तुमच्या नावानं करूच नका. तो ग्रामसभेच्या ठरावाचा होऊ द्या, मग अर्जदार म्हणजे गाव. कुंपणाच्या अर्जात वाट अडलेले सगळे खातेदार अर्जदार असू देत, आणि नावं सातबाऱ्याच्या गट क्रमांकानं लावा म्हणजे पहिलं नाव कुणाचं हा प्रश्नच राहत नाही. सह्यांच्या प्रत्येक पानावर वर विषय आणि तारीख लिहा. कोऱ्या पानावरच्या सह्या कुठल्याही कागदाला जोडता येतात, हे वडील प्रत्येकाला सांगत. अंगठा असेल तर शेजारी कागद वाचून दाखवणाऱ्याची सही घ्या. आणि कुणाची सही दुसऱ्यानं करू नये, नवऱ्याची बायकोनंही नाही. एक खोटी सही निघाली की बाकीच्या चाळीस खऱ्या सह्या संशयात जातात.

तरी कुणी खरोखर दाब आणलाच, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. तो नंबर बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कागद दिल्यावर काय? इथंच बहुतेक गावं थांबतात. निवेदन दिलं, फोटो आला, घरी आलो. खरं काम दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. बदल्यांचा आणि दिरंगाई रोखण्याचा २००५ चा कायदा, ज्याला कचेरीत ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात, तो सांगतो की साधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये. महिनाभर वाट बघा, मग माहिती अधिकारात एक अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. राज्यात विषय एकच ठेवावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांत. ‘माझा अर्ज का अडवला’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असं मागा: ‘अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत लिहिलेल्या सर्व टिपण्यांच्या आणि आदेशांच्या प्रती द्याव्यात.’ तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोग, ज्याची खंडपीठं अमरावतीला आणि नागपूरला आहेत. माझा अनुभव असा की माहितीचा अर्ज पोचला की कितीतरी फाइली अपिलाआधीच हलतात, कारण त्यांवर काहीच लिहिलेलं नाही हे कागदावर कबूल करणं कुणालाच आवडत नाही.

तुमच्या स्वतःच्या शेताची वाट अडली, ही वैयक्तिक तक्रार तालुका लोकशाही दिनात मांडता येते. तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. गावाच्या सामूहिक मागणीला मात्र ते व्यासपीठ नाही. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार टाकता येते, टोकन क्रमांक जपून ठेवा. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, आमदारांमार्फत तिथं जाता येतं, पण पांदणीसाठी एवढ्या लांब जायची वेळ यायला नको.

दारूच्या दुकानाबद्दल वेगळं लिहिते, कारण तुमच्या सहा मागण्यांपैकी ती एक अशी आहे की जिला अर्ज करताच सरकारला मतदान घ्यावं लागतं. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान होतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त. कितीतरी गावं इथंच हरतात, कारण त्या दिवशी बायका वेचणीला गेलेल्या असतात. तेव्हा सह्या गोळा करायच्या आधी मतदानाला किती जणी येतील याची यादी करा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका २०१० च्या हिवाळी अधिवेशनावर चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या होत्या, त्यांच्यामागं शेकडो ग्रामपंचायतींचे ठराव होते. जिल्ह्यात दारूबंदी झाली २०१५ मध्ये. २०२१ मध्ये ती उठवली गेली. दोन्ही सांगते, कारण तुम्हाला खोटी उमेद द्यायची नाही. मिळवलेलं पुन्हा राखावं लागतं.

राहिली गावातली पोरं. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही, आणि ‘गप्प बसा’ असं मी त्यांना सांगणार नाही. शांततेनं एकत्र येणं हाही घटनेनं दिलेलाच हक्क आहे. पण बहिष्काराचा हिशोब त्यांच्याबरोबर बसून करा. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते, आणि आचारसंहितेत नवं काम जाहीरच करता येत नाही. बहिष्काराच्या बातमीनं तहसीलदार गावात येतीलही, पण त्यांच्या हातात त्या दिवशी देण्यासारखं तोंडी आश्वासनाशिवाय काही नसेल. हाच जोर निवडणुकीच्या सहा महिने आधी, हातात ठराव आणि पोच घेऊन लावला तर देणाऱ्याला देता येतं. आंदोलन केलंच तर ते पोचपावत्यांच्या पाठबळावर करा: आमचा अमुक क्रमांकाचा अर्ज, इतके दिवस झाले, उत्तर नाही. आणि उठताना लेखी आश्वासन घ्या, तारखेसह.

मोर्चाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. नागपुरात झिरो माईलजवळ गोवारींचं स्मारक आहे, कधी गेलात तर दोन मिनिटं थांबा. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशन चालू असताना गोवारी समाज आपली मागणी घेऊन तिथं आला होता. बायांच्या कडेवर लेकरं होती. सरकारनं आपलं ऐकावं, एवढ्यासाठी ते दिवसभर थांबले. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. आमच्या घरी त्या रात्री चूल पेटली नव्हती. वडिलांनी दुसऱ्या दिवशी टाइपरायटर उघडलाच नाही. निवेदन ऐकून घेणारा माणूस वेळेवर समोर न येणं ही किती भयंकर गोष्ट असू शकते, हे तेव्हापासून मी विसरलेली नाही. म्हणून अर्ज म्हणजे नुसता कागद, असं कुणी म्हटलं की मला ते सोसत नाही.

आणि आत्मदहनाचं बोलणाऱ्या त्या पोराकडे आजच जा. इशारा आहे, खरं थोडंच करणार, असं समजून सोडू नका. आपल्या जिल्ह्यानं खूप गमावलं आहे. त्याला विचारा की पांदणीशिवाय आणखी काय साचलंय मनात. कर्ज, लग्न, परीक्षा, काय ते. ऐकून घ्या. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, नंबरवर मराठीत, फुकट बोलता येतं. त्याला एकटं ठेवू नका. आणि तो तयार असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज त्याच्याच हातून लिहून घ्या, तोही तुमच्याबरोबर आवकच्या खिडकीपर्यंत येऊ दे.

तुम्ही विचारलंत, भीक मागितल्यासारखं वाटतं, त्याचं काय करू? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीतला पैसा कुणाच्या घामाचा आहे आणि तो कुणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा हिशोब त्यांनी त्यात मांडला आणि गोरगरिबांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. तुम्हीही हिशोब लिहा. पांदणीवर किती एकर शेती, किती क्विंटल कापूस डोक्यावर आला, पोडावरची किती मुलं किती दिवस शाळेत गेली नाहीत. हजेरीपट शाळेत आहे. गुरुजींना विचारा.

शेवटी सासरे. त्यांना या सगळ्यातून बाजूला ठेवू नका. तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी स्थळ पाहणीला येतील तेव्हा जुन्या माणसांचा जबाब घेतील, आणि ही पांदण कुठून कुठं जात होती, कोणत्या बांधाला वळत होती, कुठल्या चिंचेखाली बंड्या सोडत होते, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. नकाशाची प्रत आली की आधी त्यांच्यासमोर अंगणात पसरा. चश्मा द्या. दोन तुटक रेषांवर त्यांना बोट फिरवू द्या.